दोन बोटांएवढं तोंड

मी हे लिहावं असा माझा अधिकार नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शिवाय आम्ही बौद्ध. चमत्कार मानत नाही. तरी घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबा चिखल्याच्या खाणीत होते. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं गालाचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले, आणि सगळे म्हणाले, सुटलात. पण नंतर जबडा आवळत गेला. तोंडात जेमतेम एक बोट जाई. पेज गाळून पाजावी लागे. अर्धी गळ्यातल्या दुपट्ट्यावर सांडे. विहारात पौर्णिमेला वंदना बाबाच सांगत, बाकीचे मागून म्हणत. तिथं जाणंही त्यांनी सोडलं. दातांत चपट्या काड्या बसवून तोंड ताणायचा व्यायाम दिला होता. पण ताणलं की कळ येई, आणि टाके उसवतील या भीतीनं त्यांनी काड्या चुलीत घातल्या. पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या बोटाला आत काहीतरी टणक लागलं, पण तोंड उघडेना म्हणून दिसेना. मन लावून व्यायाम करा आणि लवकर परत या, असं ते म्हणाले. परतीच्या बसमध्ये बाबा एवढंच पुटपुटले, "आता मी नाही येत."

मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणत होतो, बुद्धं सरणं गच्छामि. मागायचं असतं की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं. जवाहरनगरला एक म्हातारी चढली आणि आमच्या शेजारी बसली. तिच्या गळ्यावर बाबांसारखाच ऑपरेशनचा व्रण होता. तिनं बाबांच्या तोंडावरचा दुपट्टा सरळ खाली ओढला.

"काहून झाकता भाऊ? नवी नवरी आहा का?"

"दुखते," बाबा कसंबसं म्हणाले.

"दुखनारच. मले बी वाटे, टाके तुटतेत. नाही तुटत. तोंडच नाही उघडलं त बायकोसंग भांडता कसं येईन?" आणि तिनं आ करून दाखवला. दात थोडेच उरले होते, पण दोन बोटं सहज गेली असती.

बाबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. ती भंडाऱ्याला उतरून गेली. नाव विचारायचं राहिलं.

त्यानंतर बाबा रोज विहाराच्या पायरीवर बसत, दातांत नव्या काड्या धरून. लाळ गळे, डोळ्यांतून पाणी येई. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटायचं. त्या पायरीवर बाबांना बघून तसं वाटेनासं झालं. पुढं काय होणार ते त्यांनी सोडून दिलं होतं. काडी मात्र सोडली नव्हती. त्या बाईला कुणी पाठवलं, मी सांगू शकत नाही. तिचे उपकार मानतो.

काही आठवड्यांनी डॉक्टरांना आत पाहता आलं. तुकडा तपासायला गेला. परीक्षेसाठी मी भंडाऱ्याला खोलीवर होतो. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी फोन आला. बाबा स्वतः बोलत होते, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"परत आला हाये तो. पन लहान हाये, काढता येते म्हनतेत. तू पेपर देऊनच ये."