गुण बापाला, छडी मला

तुमच्या मुलाचा कालचा गृहपाठ कोणी सोडवला? खरं सांगा.

माझा मीच सोडवायची. तरी रोज हात पुढे करून उभी राहायची.

"आजही समुद्रानं खाल्ला का गं?" गुरुजी विचारायचे. वर्ग हसायचा. मग छडी.

आणि खरंच समुद्रानं खाल्लेला असायचा. मी मढची, कोळ्याची पोर. आमच्याकडे चौथी नव्हती. होडीनं खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरायचं आणि अंधेरीच्या शाळेपर्यंत चालायचं. वह्या ऐपतवाल्यांकडे. माझ्याकडे पाटी. होडी हलली की पाणी उडायचं. पाटी पोटाशी धरली तर झग्याला घासून आकडे जायचे, वर धरली तर पाण्यानं. किनारा येईपर्यंत पाटीवर नुसते पांढरट ओघळ.

हे एकदा सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, "तुम्हा लोकांना खोटंही धड बोलता येत नाही." तेव्हापासून तोंड उघडायची भीती बसली. 

भीती एकट्या छडीची नव्हती. गृहपाठाचे गुण निकालात धरणार, असं गुरुजींनी सांगितलं होतं. आणि आई म्हणाली होती, "नापास झालीस तं शाला बंद. बोंबील वालवाला ये." आई उगाच बोलत नसे.

शेजारी सुमन बसायची. तिचे वडील कचेरीत. तिच्या वहीत रोज 'उत्तम'. मधल्या सुट्टीत मी विचारलं, "हे अपूर्णांकाचं तू कसं केलंस गं? मी दुसऱ्या रीतीनं केलं."

"मला काय ठाऊक? बाबा सोडवतात, मी उतरवते. तुझे नाही सोडवत?"

माझा बाप सहीच्या जागी अंगठा लावायचा.

त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. गुरुजी आम्हा पोरींना तपासतच नव्हते. आमच्या बापांना तपासत होते.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तेच हसणं.

"हात."

मी हात पाठीमागे नेले.  

"गुरुजी, घरी दिलेलंच गणित फळ्यावर घाला. मी सोडवते. सुमनलाही सोडवू दे."

 सुमन माझ्याइतकीच घाबरली.

"मला शिकवतेस? मासळीवालीची कार्टी!"

गणित त्यांनी घातलं नाही. मला ते आलं असतं. तेच त्यांना नको होतं. छडी पोटऱ्यांवर बसत राहिली. हात मी दिले नाहीत.

मी नापास. गृहपाठात शून्य. सुमन पहिली.

हंगामभर बोंबील वाळवले. मग आईशी भांडून पुन्हा त्याच चौथीत जाऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं.

आज मी सभांत बोलते. भीती अजून गेलेली नाही. तरी बोलते. घरून आणलेलं काम पोराचं ज्ञान दाखवत नाही, त्याचं घर दाखवतं. बाप शिकलेला आहे का, कंदिलात तेल आहे का, एवढंच. सरावाला खुशाल द्या. त्यावर पास-नापास ठरवू नका. हे मी प्रत्येक शाळेच्या दारात सांगणार. हाकललं तरी.

एक काम तुम्ही करा. तुम्ही शिकलेले बाप असाल तर उद्याच शाळेत जा. मास्तरांसमोर उभे राहा आणि सांगा, "ही गणितं मी सोडवतो. यांचे गुण माझ्या पोराला देऊ नका."