अभिनयाचे गुण शून्य

बालनाट्य स्पर्धेच्या निकालात माझ्या नावापुढं लिहिलं होतं, 'उत्कृष्ट हस्तकला'. हस्तकला! जसं काही मी शुक्रवार पेठेतल्या घरात बसून तोरणं विणते. बावीस वर्षं मी हातात बाहुल्या घालून पोरांसाठी नाटकं करतेय. अजून लोक विचारतात, "कापड कुठलं हो वापरलंत?"

यंदाचं नाटक शेवटचं होतं. मनगट गेलंय माझं. तासभर हात वर धरून उभं राहणं डॉक्टरांनी बंदच करायला सांगितलंय. म्हणून एकदा, एकदाच, अभिनयाचं बक्षीस हवं होतं. खोटं कशाला बोलू? हवंच होतं. मंद्रूपच्या बाजारात भांडणाऱ्या म्हाताऱ्या बघून बघून नाटकातली ही आजीची बाहुली मी उभी केली होती. पोरं हसून हसून लोळली. आजीची शेळी मेली तेव्हा मात्र सगळं सभागृह चिडीचूप झालं. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, मुख्य परीक्षक रुमालानं डोळे टिपत होते.

निकाल लागल्यावर थेट त्यांच्याच टेबलापाशी गेले. ते स्वतः मोठे नट, मान तशीच ताठ. "बाहुल्या लई छान शिवल्यात, बाई. पण पडद्यामागं तुमचा चेहराच दिसत नाही. अभिनयाला गुण द्यायचे कशाचे?"

डोकंच सणकलं माझं. पिशवीतून आजी काढली, हातात चढवली आणि त्यांच्या नाकासमोर धरली.

"का रं बाबा, माझी शेळी मेली तवा रुमाल कशाला काढलास? डोळ्यात कुसळ गेलं व्हतं व्हय?"

गडी गडबडला. "नाही हो आजी, खरंच भरून आलं होतं. पण नियम आहे की तसा."

आजीनं तोंड फिरवलं.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आजी, राग धरू नका. चुकलं माझं."

मी समोरच उभी होते. पडदा नव्हता, माझे ओठ हलत होते, तरी माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. मनगटातून कळा येत होत्या. शेवटी सहन होईना, तेव्हा हात काढून घेतला. आजी टेबलावर आडवी झाली.

तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. मला म्हणाले, "हस्तकलेचं प्रमाणपत्र तिकडच्या टेबलावर मिळेल, बाई."