आठ गोळ्यांचा महिना

चहा पुढ्यात आहे तोवर सांगून टाकते, नंतर पुन्हा धीर होणार नाही. अडाणी माणसाच्या हातून चुका होतात, असं मी लहानपणापासून ऐकत आले. शिकलेल्या माणसाच्या हातून काय होतं, ते मी स्वतः करून दाखवलं!

पहिल्या लॉकडाऊनमधली गोष्ट. अकोल्याचं वसतिगृह बंद झालं आणि बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून मी गावी आले. शेलूबाजारपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. मेथी, कोथिंबीर, वांगी हे आमचं पीक. तेव्हा भाजीची गाडी तेवढी गावाबाहेर जायची, बाकी सगळं ठप्प.

त्याच आठवड्यात माझा दादाही पुण्याच्या कंपनीतून घरी आला. एरवी तो दिवाळीला चार दिवस, होळीला दोन दिवस. आता मुक्कामच! आई खूश, त्याच्या पोरी खूश. वहिनी तेवढी गप्प.

का गप्प? पदरात दोन मुली, धाकटी दहा महिन्यांची. तिच्या वेळी वहिनीच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. तीन वर्षं तरी पुढचं मूल नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आईचं मात्र एकच पालुपद, "एक पोरगा होऊ दे, मंग करा आपरेशन!" आणि दादा? एवढा थोराड गडी, पण आईसमोर मुका. त्यात ऑपरेशनची शिबिरं बंद. आशाताईंना शेलूबाजारच्या दवाखान्यात तापाच्या कामाला जुंपलेलं. उपकेंद्राच्या भिंतीवरची निरोधची पेटी रिकामी.

मार्ग काढला गुंफाकाकीनं. ही माझी सख्खी चुलती, भिंतीला भिंत लागून घर. वय पन्नाशीचं, सही अंगठ्याची. भाजीच्या गाडीवर ती शेलूबाजारला जायची आणि येताना आशाताईंनी दिलेली गोळ्यांची पाकिटं रिकाम्या पाटीत घालून आणायची. गावातल्या सहा बायांना वाटायची. त्यातलं एक, आईच्या नकळत, वहिनीला.

वहिनीनं मला ते पाकीट दाखवलं. म्हणाली, "काकीनं सांगतलं, सोमवारी एक अन् गुरुवारी एक. सोमवारी महादेवाचं नाव घ्याचं, गुरुवारी दत्ताचं. म्हंजे इसर पडत नाई."

माझं डोकंच फिरलं! गर्भनिरोधक गोळी आणि वाराप्रमाणे? पाकीट उघडलं. आत आठ गोळ्या. महिन्याचे दिवस तीस. गोळी रोज घ्यायची असते, हे तर टीव्हीच्या जाहिरातीतसुद्धा सांगतात! माझा निष्कर्ष तयार. साठा कमी पडला आणि काकीनं तो देवाच्या नावावर पुरवून पुरवून वाटला! पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत काहीतरी छापलं होतं. वाचलं का? छे! जे आपल्याला माहीतच आहे ते कोण वाचत बसतं?

काकी शेतात मेथीच्या जुड्या बांधत होती. मी बांधावरूनच सुरू केलं.

"काकी, बायांच्या जिवाशी खेळून राह्यली तू!"

"काहून वं? काय झालं?"

"गोळी रोज घ्यावी लागते. उपास नाही तो, वार पाहून करायले!"

"आशाबाईनं असंच सांगतलं मले."

"आशाताई काय डॉक्टर हाय?"

"नाई. तू हायेस?"

"मी बी.एस्सी. करून राह्यली!"

"कायचं असते थे?"

"वनस्पतीशास्त्र," मी म्हणाले.

"म्हंजे झाडाझुडपाचं." काकीनं जुडी करकचून आवळली. "मंग मेथीले दे रोज एक गोयी."

मी काय ऐकते! म्हाताऱ्या माणसांशी वाद घालण्यात वेळ घालवायचा नाही, हे माझं तत्त्व. त्याच दिवशी घरोघर फिरले. तोंडाला रुमाल, ओसरीच्या बाहेर उभी, एकेकीला हळूच बोलावून भाषण. "रोज एक! देवाधर्माचा काही संबंध नाही!" सगळ्या माना डोलावत होत्या. गाव सुधारत असलेलं मला डोळ्यांनी दिसत होतं.

आठ दिवसांत वहिनीचं पाकीट संपलं. मी तावातावानं आशाताईंना फोन लावला.

"आठच गोळ्या देता, मग बायांनी करायचं काय?"

"आठ म्हंजे महिना झाला ना, बाई." आवाज पार थकलेला. "आठवड्याची गोळी हाय ही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. रोजची गोळी वेगळी, ती सध्या येऊनच नाही राह्यली. तुमच्या काकीले नीट समजावून सांगतलं होतं मी." मग एकदम सावध होऊन, "कोणी रोज घेतली काय?"

"हो... म्हणजे, एकीनं तसं सांगितलं होतं बायांना."

"कोण मूर्ख हाय ती?"

"आहे गावात एक," मी म्हणाले.

डॉक्टरांना विचारून आशाताईंनी परत फोन केला. जास्त गोळ्यांनी पाळी लांबू शकते म्हणाल्या. पण नवीन साठा पंधरा दिवस तरी नाही, तोवर जपून राहा, आणि पाळी फारच चुकली तर तपासा.

मी धावत सुटले. पहिल्याच घरातली बाई शांतपणे भांडी घासत होती.

"आमी तं काकीले इचारलं. थे म्हने, पोट्टी बोलते तं बोलू द्या, गोयी सोमवारीच घ्या."

"मग माना कशाला डोलावल्या?"

"डोलावल्या नसत्या तं तू गेली असती काय दारातून?"

पाचही घरी हेच. एवढा अपमान आणि एवढा आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता. हसतच घरी आले.

"वहिनी, तूही काकीलाच विचारलंस ना?"

"नाई," वहिनी म्हणाली. "मी घेतल्या सगळ्या. तुमी शिकलेल्या, तुमी खोटं कायले सांगसान?"

पाळीची तारीख गेली. मग आठवडा गेला. मग बारा दिवस. वहिनी माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त धाकटीला जास्त वेळ मांडीवर घेऊन बसायची. एकदा एवढंच म्हणाली, "ताई, आता दवाखान्यात रक्त भेटन काय? समदे कोरोनाचेच पेशंट हाय म्हंते."

शेवटी भाजीच्या गाडीवर काकीसोबत शेलूबाजारला गेले. काकी भाजी उतरवत होती, मी मेडिकलसमोर. दुकानापुढे दोर बांधलेला, चुन्याचे गोल आखलेले, प्रत्येक गोलात एक माणूस.

"काय पाह्यजे?" दुकानदार आतून ओरडला.

मी मास्कमधून पुटपुटले.

"जोरानं बोला!"

"किट पाहिजे."

"कोरोनाची किट इथं नाई भेटत, दवाखान्यात जा."

"कोरोनाची नाही! दिवस गेलेत का ते पाहायची!"

सगळे मास्क माझ्याकडे वळले. चौथ्या गोलात आमच्याच गावचे किसनभाऊ उभे. त्यांनी लगेच खिशातून मोबाइल काढला.

गाडीआधी बातमी पोचली. बाबा अंगणात येरझारा घालत होते. आईच्या डोळ्याला पदर.

"कोनासाठी आनलं थे?" बाबा म्हणाले.

वहिनीचं नाव घ्यावं, तर हे लपवून का, असं आई खोदून विचारणार, चोरून घेतलेल्या गोळ्यांचं सगळं बाहेर येणार, आणि मग आई पुन्हा एकही गोळी तिच्या हाती लागू देणार नाही. वहिनी दाराआड पांढरीफटक. मी, पाच घरं भाषणं देत फिरलेली, तोंडातून शब्द काढू शकले नाही.

"माह्यासाठी मांगवलं," पलीकडून आवाज आला.

शेजारच्या अंगणात पाट्या उतरवणारी काकी हनुवटीपर्यंत पदर ओढून उभी होती. बाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तीस वर्षांत ती बाबांशी एक अक्षर बोलली नव्हती. या रीतीविरुद्ध मी कॉलेजात निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं! पण रीत दोन्हीकडून असते. भासऱ्यानंही असल्या बाबतीत भावजयीला उलट विचारायचं नसतं. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते घरात गेले. पलीकडे खाटेवर बसलेल्या काकांच्या हातातली तंबाखू सांडली. पुढे महिनाभर गावातले म्हातारे काकांना हसून रामराम करायचे, आणि काका बिचारे काकीकडे भीत भीत पाहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या न्हाणीतून वहिनी पट्टी घेऊन बाहेर आली. ती तिनं माझ्या हातात दिली.

"एकच रेघ हाय, ताई."

"एक म्हणजे नाही! वहिनी, दिवस गेलेले नाहीत! दोन असत्या तर..."

वहिनीनं पट्टी माझ्या हातून काढून घेतली. "थांबा, काकीले इचारून येते."

"अगं, काकीला वाचता येत नाही!"

"म्हनून तं. थे इचारून सांगते."

काकीनं पट्टी उजेडात धरली. आशाताईंना फोन लावला. रेघ कुठे आहे, केवढी आहे, किती वेळ झाला, सगळं सांगितलं. एक रेघ म्हणजे काय, ते मला पक्कं माहीत होतं. तरी वहिनीच्या शेजारी उंबऱ्यात उभी राहून मी काकीच्या तोंडाकडे बघत होते.

"नाई हाय, माय," काकी म्हणाली.

वहिनी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आणि तेव्हा कुठे माझाही विश्वास बसला.