अब्बांची घोरपड

विसरवाडीला हायवेच्या कडेला अब्बांचं सुतारकामाचं दुकान होतं. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हा उरलेलं सागवान आम्ही मागच्या अंगणात रचून ठेवलं. अम्मी आधीच गेली होती. सकाळी त्यांची खाट मी मागच्या ओट्यावर लावायचे.

पावसाळ्यात त्या लाकडांखाली घोरपड राहायला आली. ऊन पडलं की दुभंगलेली जीभ लवलवत ती बाहेर यायची आणि बेडूक दिसला की झडप घालायची. ओट्याच्या ओल्या भिंतीवर शंख नसलेल्या गोगलगायी असत. पायरी चढायची तर त्यांची सकाळ सरायची. मी त्यांच्यावर टाकायला मीठ आणलं, तेव्हा अब्बांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं.

मग त्यांचा वेळ जावा म्हणून मी विचारायचे, "अब्बा, आज तुम्ही कोण? घोरपड की गोगलगाय?" आधार धरून दोन पावलं टाकली, की त्यांचं बोट लाकडांकडे जाई. अंथरूण ओलं झालं, की भिंतीकडे.

"गोगलगायीला ना हाड, ना नखं. तरी पोहोचतेच की," मी समजूत घालायचे. ते तोंड फिरवायचे.

पाऊस ओसरला होता. एका दुपारी मी औषधं घेऊन परतले, तर अंगणात दोन अनोळखी माणसं. एकाच्या हातातल्या पोत्यात काहीतरी धडपडत होतं. अब्बा खाटेवरून पडले होते आणि कोपरावर सरपटत ओट्याच्या कडेपर्यंत आले होते.

"घोरपड शे, बाई," तो म्हणाला. "बाबाले इचारं व्हतं. काहीच बोलना नही."

"सोडा तिला," मी म्हणाले. ते मोटारसायकलवर बसून निघून गेले. वनरक्षकाला फोन केला. तो आलाही, पण तोवर त्यांचा माग कुठला लागायला.

मोटारसायकल गेल्यागेल्या मी अब्बांना उठवून बसवलं होतं. कोपर सोलून निघालं होतं. जखम पुसताना त्यांच्या ओठांतून शब्द फुटला. "नाही." लकव्यानंतरचा तो पहिला शब्द. मला रडू आलं, आणि ते म्हणतच राहिले, "नाही, नाही."

दुसरा शब्द कधी आला नाही. जेवायला वाढलं तरी "नाही", नातेवाईक आले तरी "नाही". हिवाळ्यात ते गेले. शेवटच्या दिवशी मी विचारलं होतं, "दुखतंय का?"

ते नाही म्हणाले. ते खरंच उत्तर होतं का, मला कळलं नाही.