भाऊ गमावलेली बहीण

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी ती बाई तशी ऊठसूट रडणारी नव्हे. बाजारात बॉम्ब फुटला त्या दिवशी मात्र हॉस्पिटलच्या फाटकाशी ती ओक्साबोक्शी रडली, कारण आतून निरोप आला होता, भाऊ वाचला. नेमका तेव्हाच कोणीतरी तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तो हा एवढा मोठा, खाली ओळ: 'हल्ल्यात भाऊ गमावलेली बहीण'.

भाऊ घरी आला, पण कान कायमचे गेले. पेपर बघून म्हणाला, "ताई, मी गेलो की काय?" तेव्हा दोघंही हसली.

फोटो मात्र हात धुऊन मागे लागला. कुठे हल्ला झाला की तो छापायचे. पोलिसांनी कुणाला पकडलं, तरी त्या माणसाशेजारी हीच, तोंड वासून. त्यातला एक जण पुढे निर्दोष सुटला. ती बातमी आतल्या पानावर कोपऱ्यात आली. तिथे कुणाचाच फोटो नव्हता.

शेवटी भावाला घेऊन ती पेपरच्या कचेरीत गेली. उपसंपादक भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हा बघा, समोर उभा आहे," ती म्हणाली.

"चुकलंच आमचं. खुलासा छापतो. पण फोटो आता सगळ्याच पेपरांकडे गेलाय हो. त्यांना कुणाकुणाला सांगणार?"

खुलासा आला, निविदांच्या जाहिरातींखाली. पुढच्या हल्ल्याला त्याच पेपरात तोच फोटो, तीच ओळ. तिने फोन केला, तर तो उपसंपादक नोकरी सोडून गेलेला. नवा म्हणाला, "कुठला फोटो?"

गिऱ्हाइकं हळहळायची. ती आधी सगळं समजावून सांगायची. लोक ऐकून घेत आणि म्हणत, "पण पेपरात तर आलं होतं." पुढे तिने सांगणं सोडलं.

एकदा एक आजी वाचायचा चष्मा न्यायला आल्या. तिला ओळखून त्यांनी तिचा हातच धरला. घराची किल्ली न्यायला आलेला भाऊ तेव्हा शेजारीच उभा होता.

"एकुलता एक होता का गं?"

"हो."

आजींचे भरलेले डोळे बघून भावाने मोठ्याने विचारलं, "काय म्हणतायत?"

त्याला ओठ दिसावेत म्हणून ती वळली. "चष्मा टोचतोय म्हणतायत."

"हा कोण?" आजींनी विचारलं.

"येतो अधूनमधून दुकानात," ती म्हणाली आणि त्याच्या हातात किल्ली दिली.