ठोकळ्यांवरच्या गाडीचा ड्रायव्हर

गल्लीत त्याला गाडीबुवा म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ठेवलं ते मापात बसलं होतं. अंगानं काटक, मिशी भरघोस आणि डावा पाय जरा तिरका. लहानपणी झाडावरून पडला तेव्हा घोटा बसवणाऱ्यानं तो आपल्या सोयीनं बसवला, बुवाच्या नव्हे. तेव्हापासून चालताना उजवा पाय नाकासमोर जाई आणि डावा शेजारच्याच्या घरी निघाल्यासारखा बाहेर वळे.

बुवाच्या ताब्यात दोन गाड्या होत्या. एक छोटी. बाजार, बँक, दवाखाना सगळं तिच्यावर. अंगावर नवा पोचा आल्याशिवाय तिचा एक दिवस जात नसे. दुसरी मोठी, आणि ती शेडात लाकडी ठोकळ्यांवर उभी. साईच्या रंगाची, लांबलचक, आत तपकिरी कातड्याच्या गाद्या, वर कापडी टप. बटणं काढून टप मागे दुमडला की गाडी उघडी. साहेबांनी ती मोठ्या हौसेनं परदेशातून मागवली आणि नव्याची नवलाई संपायच्या आत ठोकळ्यांवर चढवली. का चढवली, हे घरात विचारायचं नाही. साबणाचा कारखाना चालवणारा हा माणूस एरवी दिलदार, पण या गाडीचं नाव काढलं की तोंडाला कुलूप.

बुवाला मात्र हुकूम होता. "चालवायची नाही. पण अवघडूही द्यायची नाही. रोज पेडलं दाबायची, गिअर हलवायचा, स्टिअरिंग इकडेतिकडे करायचं. अधूनमधून इंजिन सुरू करून ऐकायचं."

पहिले काही दिवस बुवानं सांगितलं तेवढं केलं. पण नुसतं पेडल दाबायचं म्हणजे रिकाम्या उखळात मुसळ घालायचं. हात चालतो, मन चालत नाही. एक दिवस त्याला वाटलं, पेडल दाबतोच आहे तर कुठंतरी जाऊन तरी येऊ. म्हणून तो सासरी गेला. म्हणजे बसल्या जागेवरूनच गेला. नाक्यावर वेग कमी केला, पुलावर खड्डे चुकवले, चढाला गिअर खाली घेतला, शेरडं आडवी आली तेव्हा करकचून ब्रेक मारून मेंढपाळाला दोन शब्द सुनावले. जेवायच्या वेळेला परत. अंगाला घाम, मन ताजं. बुवाला कळून चुकलं की कामात राम आला.

मग रोजचंच झालं ते. कधी सासर, कधी बहिणीचं गाव, कधी समुद्र. समुद्र त्यानं पाहिला नव्हता, पण ऐकीव माहितीवर तिथपर्यंत जायला काही अडत नव्हतं. हे गुपित फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. दुपारी डबा घेऊन ती शेडात यायची.

"अहो, जेवता का?"

"थांब, घाट उतरतोय. मधेच बोलू नको."

"उतरलात की हाक मारा, निवतंय सगळं." मग डब्यावर झाकण ठेवून ती म्हणायची, "काय नशीब बघा. माझ्या माहेरी तुम्ही रोज जाता, आणि मला नेता ते वर्षातून एकदा!"

"बस की मागे. कोण नाही म्हणतंय?"

"बसते. आणि पोचल्यावर आई म्हणाली, जावयानं काय आणलं, तर दाखवू काय? ठोकळे?"

बाईसाहेबांना यातलं काही कळू नये म्हणून बुवा जिवाचं रान करी. मिशी पिकायला लागलेला माणूस उभ्या गाडीत बसून तोंडानं हॉर्न वाजवतो, हे कुणाला सांगायचं? त्यांच्या चपलांचा आवाज आला की बुवाच्या हातात फडकं हजर.

पुढे साहेब गेले. बाईसाहेब एवढ्या मोठ्या घरात एकट्या उरल्या. मुलगी म्हणाली, माझ्याकडे चल. बाईसाहेब तयार झाल्या, पण मुलगी राहायची पाचव्या मजल्यावर.

"बुवा, छोटी तुम्ही ठेवा," त्या म्हणाल्या. "मोठीचं काय करू? पाचव्या मजल्यावर कुठं बांधू तिला? विकायला काढते."

पेपरात जाहिरात गेली. जुनी, उंची, उघड्या टपाची गाडी. अगदी कमी चाललेली. मीटरवरचा आकडा वाचून गल्लीतला चहावाला म्हणाला, "यापेक्षा माझी किटली जास्त फिरली असेल." दोन-तीन माणसं येऊन गेली. एकानं गाडीला टेकून स्वतःचे फोटो काढून घेतले आणि निरोप देतो म्हणाला. एकाला ती त्याच्या फाटकातून आत जाते का हेच पाहायचं होतं.

मग दातांचे डॉक्टर आले. सोबत त्यांची बायको, आणि पारखायला एक मिस्त्री. बुवानं सकाळीच ठोकळे काढून गाडी खाली घेतली होती, टप दुमडला होता, पुसून लख्ख केली होती. डॉक्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या जाळीसमोर वाकले आणि हरखून म्हणाले, "काय सुरेख जबडा आहे! एक दात किडलेला नाही."

"अहो, गाडी बघा," बायको म्हणाली. "तिला आ करायला सांगू नका."

मिस्त्री गाडीखाली शिरला. बाहेर आला तो खुशीत. टायरवरचे नवेपणाचे रबरी केससुद्धा तसेच होते. मग त्यानं दार उघडलं आणि आत डोकं घातलं. पेडलं आणि गादी चाचपून पाहिली. शेवटी म्हणाला, "डॉक्टर, जरा इकडं या."

क्लचच्या पेडलाचं रबर झिजून खालचं लोखंड डोकावत होतं. गिअरचा गोळा गुळगुळीत. ड्रायव्हरच्या गादीला चांगला खळगा.

"मीटर सांगतोय मी नवरी, आणि पेडल सांगतंय मी पणजी," मिस्त्री म्हणाला. "दोघातलं एक खोटं बोलतंय."

"पण टायर?"

"टायर काय, बदलता येतात. गाडी भरपूर पळलीय. एकतर मीटर मागे फिरवलाय, नाहीतर कुणीतरी मीटरची तार काढून मालकाच्या नकळत गाडी हुंदडवलीय." मग त्यानं सहज विचारल्यासारखं केलं, "किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली बुवाच्या कमरेला होती. सगळ्यांना दिसत होती.

डॉक्टर बाईसाहेबांकडे वळले. "बाई, राग मानू नका. पण एवढी महागाची गाडी साहेबांनी वापरली का नाही?"

बाईसाहेबांचा चेहरा बंद झाला. "त्यांची मर्जी."

"हे कारण झालं नाही. पेशंट तोंड उघडत नाही तेव्हा दाढेत काहीतरी असतंच. मी अशी गाडी घेणार नाही."

बाईसाहेबांनी एकदा बुवाकडे पाहिलं. अर्धवट, पुरतं विचारलंही नाही असं. पण ते पाहणं बुवाच्या काळजात घुसलं. या घरातली माणसं कपाटं उघडी टाकून त्याच्यावर घर सोडून जात. त्या विश्वासाला आज पहिल्यांदा तडा गेला होता, तोही त्यानं न केलेल्या गोष्टीसाठी. गाडी विकली गेली काय, राहिली काय, बाईसाहेब मुलीकडे जाणार त्या मनात ही शंका घेऊन. बुवानं मनातल्या मनात दोन्ही पारडी तोलली. गप्प राहिलो तर चोर, बोललो तर येडा. चोर म्हणवून घेण्यापेक्षा येडा परवडला.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "पेडल मीच झिजवलं. पण गाडी जागची हलली नाही."

मिस्त्री हसला. "मग काय, पेडलावर कपडे धूत होता?"

"गावाला जात होतो."

"आत्ता तर म्हणालात हलली नाही!"

"गाडी हलत नव्हती. मी जात होतो." बुवाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दाखवतो. पण कुणी हसायचं नाही."

तो आत बसला. आरसा नीट केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि अडला. एवढ्या माणसांसमोर सासरी कसं जायचं?

"कुठं निघालात?" डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं.

"सासरी," बुवा पुटपुटला.

"मग थांबलात कशाला? वाट बघत असतील."

बुवा निघाला. नाक्यापर्यंत लाजत गेला. पुलावर जरा सावरला. घाट लागला आणि बुवा शेड विसरला. डावा पाय क्लचवर, गिअर खाली, मान वळणाकडे. "प्पॉं! ए म्हातारबा, कडेनं! ऐकू येत नाही तर दिसत तरी असेल!" पुढे जाऊन त्यानं ब्रेक मारला आणि हात बांधून बसला.

"आता काय झालं?" डॉक्टरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"रेल्वेचं फाटक पडलंय."

"उघडेल ना?"

"मालगाडी आहे. लांब असते."

डॉक्टर खरंच थांबले. त्यांच्या बायकोनं मात्र दार उघडलं, बुवाशेजारी बसली आणि म्हणाली, "मला पुढच्या स्टँडवर सोडा." तिथं सगळ्यांच्या हसण्याचा बांध फुटला. बाईसाहेब तर तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. साहेब गेल्यापासून त्या इतक्या हसल्या नव्हत्या.

मिस्त्री तेवढा हसत नव्हता. तो वाकून बुवाचा पाय बघत होता. पेडल सगळं झिजलेलं नव्हतं, एकाच कोपऱ्यात झिजलं होतं, आणि बुवाचा तिरका पाय दरवेळी बरोबर त्या कोपऱ्यावर जाऊन बसत होता. त्यानं स्वतःचा पाय घालून पाहिला. बसेना.

"पाय यांचाच, एवढं पटलं," तो म्हणाला. "पण जागेवर झिजवलं की रस्त्यावर, हे पायाला कोण विचारणार? नाटक झकास करतात."

बाईसाहेबांनी डोळे पुसले. "बुवांनी लाज सोडली, आता मी कशाला धरून बसू? ऐका कारण. साहेबांना टक्कल होतं. केसांचा टोप घालायचे. गाडी आली तेव्हा टप दुमडून आम्ही पहिल्यांदा बाजारातून निघालो. वारा सुटला आणि टोप उडाला तो थेट भाजीवालीच्या ढिगावर. तिला वाटलं घूस. तिनं तराजूतलं वजन फेकून मारलं."

"साहेबांना?"

"टोपाला! दोनदा मारलं. अख्खा बाजार बघत होता. साहेबांनी तिथूनच गाडी माघारी वळवली."

"अहो, मग टप लावून चालवायची होती," डॉक्टर पोट धरून म्हणाले.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, टप लावून फिरलो तर लोक म्हणतील, बघा, घाबरला. त्यापेक्षा ठोकळे आणा."

डॉक्टरांची बायको म्हणाली, "आता एक चक्कर तरी मारून बघू." मिस्त्रीही म्हणाला, रस्त्यावर घेतल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. बाईसाहेब डोक्याला रुमाल बांधून सगळ्यांच्या आधी मागे जाऊन बसल्या. डॉक्टर आणि त्यांची बायको त्यांच्या शेजारी, मिस्त्री पुढे. बुवानं इंजिन सुरू केलं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की या गाडीत बसलं तरी झाडं मागे जातात. सासरी जाताना हे त्यानं कधी हिशेबात धरलंच नव्हतं. तो इतक्या जपून चालवत होता की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

बाजारात ऐन गर्दीत गाडी खोकली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

मिस्त्रीनं उडी टाकून बॉनेट उघडलं. सगळं जागच्या जागी. मग त्याची नजर आतल्या काट्यांवर गेली. पेट्रोलचा काटा तळाला लोळत होता.

"बुवा, पेट्रोल कधी भरलं होतं?"

"पेट्रोल?" बुवा गोंधळला. छोट्या गाडीत बसला की त्याची नजर आधी काट्यावर जायची. पण या गाडीत इंजिन ऐकण्यापुरतं डब्यानं थोडंसं ओतायचं, एवढंच. बाकी सासर झालं, बहीण झाली, समुद्र झाला, पेट्रोल कधी लागलंच नव्हतं. "यात बघायची सवय नाही हो."

मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं आणि फुटपाथवर बसून खो खो हसायला लागला. "डॉक्टर, घ्या गाडी! डोळे मिटून घ्या. चोरून गाडी फिरवणारा बापाला विसरेल, पण काटा बघायला विसरायचा नाही. या माणसानं ही गाडी आयुष्यात रस्त्यावर आणलेली नाही!"

"घेतली," डॉक्टर म्हणाले आणि बाह्या सारून मागून ढकलायला लागले. पेट्रोल पंप बाजाराच्या टोकाला होता. दुकानांतून माणसं धावली. बुवा स्टिअरिंगवर. बाईसाहेबांना कुणीतरी उतरायला सुचवलं, तर म्हणाल्या, "मी नाही उतरत. इतक्या वर्षांनी बसलेय."

चहावाला ढकलता ढकलता ओरडला, "बुवा, खरं सांगा, याआधी कधीच नेली नव्हती का हो बाहेर?"

बुवा तोंड उघडणार एवढ्यात मागून बाईसाहेबांचा आवाज आला. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"नाही! बुवांनी कधीच नेली नव्हती!"

बुवाची मान ताठ झाली, छाती पुढे आली, मिशी आपोआप वर गेली. गाडी मात्र तसूभर हलेना.

"अहो बुवा," मागून घामाघूम डॉक्टर ओरडले, "मान नंतर ताठ करा. आधी ब्रेकवरचा पाय काढा!"