रेफरलकाका

"वहिनी, इथं नाव घेऊन कोणी बोलावत नाही, पडद्यावरच्या नंबरकडे लक्ष ठेवा. आणि आत गेलात की डॉक्टरांना सगळं सांगायचं. 'बरी आहे' म्हणायला आपण आलेलो नाही."

सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये माझ्या मागच्या रांगेतून हे मराठी ऐकू आलं. मी वळले नाही. आई वळली. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ शेजारच्या आजींना स्वेटर देत होते. स्वेटर त्यांचाच होता. इथल्या एसीत म्हातारी माणसं गारठतात म्हणून ते एक जास्तीचा आणत. आजी त्यांच्या कोणीच नव्हत्या. सून कामावर गेली होती, म्हणून हे सोबत आले होते.

तुआस बंदरातल्या जहाजदुरुस्तीच्या कामातून ते निवृत्त झाले होते. काकू गेल्यावर बुकित बातोकला, आमच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये, एकटेच राहायचे. मराठी घरांत त्यांना सगळे रेफरलकाका म्हणत, कारण आपल्या लोकांची एक चूक निस्तरण्यात त्यांचा अर्धा दिवस जाई. आमच्या घरीही तीच झाली होती. आईचा गुडघा दुखायला लागला तेव्हा बाबांनी ऑफिसात चौकशी करून एका नावाजलेल्या डॉक्टरची थेट अपॉइंटमेंट घेतली.

"पुण्याची सवय," काका म्हणाले. "तिथं ओळख काढतात. इथं आधी पॉलिक्लिनिकचं पत्र, म्हणजे रेफरल, घ्यायचं. पत्र असलं की तुम्ही पीआर, इथले कायमचे रहिवासी, म्हणून सरकार खर्चाचा काही भाग उचलतं. थेट गेलात की खासगी पेशंट, मग सगळं तुमच्यावर."

"पण मग डॉक्टर आपण निवडायचा नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही. आणि थोडं थांबावंही लागतं."

"म्हणजे कुठलाही डॉक्टर?"

"मला आजवर कुठलाहीच मिळालाय," काका म्हणाले. "अजून चालतोय की."

आईचा गुडघा पत्रावरच बरा झाला.

मी घरात इंग्रजीत उत्तरं देते, म्हणून पाहुणे माझी थट्टा करतात. काकांनी कधी केली नाही. ते मराठीत विचारत, मी इंग्रजीत सांगे, आणि आमचं छान चालायचं. "हिचं सगळं आत चाललेलं असतं," ते आईला एकदा म्हणाले. "असू दे. घाई कशाला?"

एका संध्याकाळी आमच्या ब्लॉककडे येणाऱ्या चढावर ते मला उभे दिसले. फोन बघत होते, पण फोन बंद होता. दुसरा हात छातीवर होता. मला बघून त्यांनी तो खाली घेतला.

"चढावर जरा आवळल्यासारखं होतं," ते म्हणाले. "थांबलं की जातं. आईला बोलू नकोस." मग त्यांनी पर्थच्या तिकिटाबद्दल सांगितलं. तिथं त्यांच्या मुलीला मुलगा झाला होता, काकांचं पहिलं नातवंड. "आत्ता डॉक्टरला कळलं तर तपासण्या सुरू होतील, विमानात बसू देणार नाहीत. बाळाला बघून येतो, मग सांगतो. तू बोलणारी नाहीस म्हणून तुला सांगितलं हो."

मी मान हलवली. पुढचे तीन आठवडे ते चढावर थांबले की मीही थांबत असे, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून.

त्यांच्या डायबेटिसच्या तपासणीचा दिवस आला. डोळ्यांत थेंब घालणार होते, नंतर नीट दिसत नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवं होतं. आईला रजा नव्हती. मी गेले.

डॉक्टर तरुण चिनी मुलगी होती, माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. तिनं साखर पाहिली, पाय तपासले, मग कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, छातीत दुखतं का, दम लागतो का.

"नो लाह, डॉक्टर," काका इथल्याच ढंगात हसून म्हणाले. "ऑल ओके. रोज चालतो."

थेंबांमुळे त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी माझ्या दिशेनं पाहिलं. मी नीट दिसतही नसेन, पण त्यांचा चेहरा अगदी निश्चिंत होता. विमान चार दिवसांवर होतं. बॅगेत बाळासाठी आईनं विणलेलं टोपडं होतं. ते आदल्याच दिवशी मी त्यांच्या घरी पोचवलं होतं. डॉक्टरनं काहीतरी टाइप केलं आणि पुढची तारीख बघायला लागली.

"डॉक्टर," मी इंग्रजीत म्हणाले, "चढावर त्यांच्या छातीत दुखतं. तीन आठवडे झाले." आणि काकांकडे वळून, मराठीत, "काका, मी सांगितलं."